डोकावणाऱ्या डोळ्यांऐवजी कडच रेखीव येते: एका नेहमीच्या अडचणीचे निवारण

खोक्याच्या कडेवरून फक्त कान आणि डोळे दाखवणारे मांजर, पडद्याआडून पाहणारे मूल, झाडाच्या ढोलीतून अर्धे तोंड बाहेर काढून बसलेला पिंगळा किंवा बुंध्यामागून क्षणभर दिसणारी खार यांची छायाचित्रे काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची एक तक्रार असते. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर चित्र उत्तम दिसते. नंतर ते मोठे करून पाहिले, की खोक्याची कड रेखीव आणि डोळे पुसट निघतात. कधी फोकस साधतो, पण चेहरा काळवंडतो. कधी फोकस आणि उजेड दोन्ही जमतात, तरीही चित्रात डोकावणे उरत नाही. कशाच्या तरी वर एक डोके आणून ठेवल्यासारखे दिसते.

काही वर्षांपूर्वी याच तक्रारीपायी मी ८५ मिलिमीटरची एक लेन्स दुरुस्तीला दिली होती. लेन्समध्ये कोणताही दोष नाही, असा शेरा घेऊन ती परत आली, तेव्हा मी ज्या छायाचित्रांवरून तिच्यावर संशय घेतला होता ती पुन्हा उघडली. सोफ्याच्या हातामागून एक मांजर पाहत होते. शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर सोफ्याच्या कापडाची वीण धागा धागा मोजता येईल इतकी स्पष्ट होती. एका उसवलेल्या धाग्यात अडकलेला मांजराचाच एक पांढरा केसही रेखीव आला होता. आणि त्याच्यामागे जेमतेम वीतभर अंतरावर असलेले दोन्ही डोळे ओल्या कागदावर शाई पसरावी तसे दिसत होते. चाळीसेक फ्रेम्सपैकी बहुतेकांत हेच होते. लेन्सने तिला दाखवलेल्या जागी चोख फोकस केला होता. जागा चुकली होती.

तेव्हापासून अशा प्रत्येक बिघडलेल्या चित्रात मी आधी आडोशाची कड पाहतो, कारण या प्रकारातले जवळजवळ सगळे बिघाड तिथे सुरू होतात. ती कड कॅमेऱ्याला सर्वांत जवळ असते, तिच्यावर उजेड-अंधाराचा फरक सर्वांत ठळक असतो, आडोशाने फ्रेमचा मोठा भाग व्यापलेला असल्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा याचे माप, त्याच्या बाजूने झुकते, आणि विषय किती दिसावा व किती झाकला जावा हेही तीच ठरवते. म्हणून कडेचे काय करायचे हे आधी ठरवावे आणि मगच डोळ्यांकडे वळावे, असा क्रम मी सुचवेन.

आधी बिघाड कोणता ते ओळखावे

चित्र शंभर टक्के मोठे करून त्यात सर्वांत रेखीव काय आहे ते शोधावे. आडोसा रेखीव आणि डोळे पुसट असतील, तर फोकस कडेवर गेला आहे. आडोसा पुसट, डोळे पुसट, पण मागची भिंत किंवा पाने रेखीव असतील, तर फोकस विषयाला ओलांडून पलीकडे गेला आहे. डोळ्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर फोकसची चौकट पडल्यास हे होते. चित्रात कुठेच काहीही रेखीव नसेल आणि सगळ्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर हात हलला आहे. डोळ्यांइतक्याच अंतरावरची बोटे किंवा पंजे स्पष्ट आहेत आणि फक्त चेहरा फरफटलेला आहे, असे असेल तर विषय हलला आहे. तिथे शटर स्पीड, म्हणजे शटर उघडून बंद होण्याचा वेग, वाढवण्यावाचून दुसरा उपाय नाही. हे चार बिघाड लहान पडद्यावर अगदी सारखे दिसतात. त्यामुळेच अनेक जण फोकस चुकलेला असताना शटर स्पीड वाढवत राहतात आणि अडचण तशीच राहते.

फोकस कडेवर का जातो आणि तो डोळ्यांवर कसा आणावा

ऑटोफोकसचे सगळे काम उजेड-अंधाराच्या फरकावर चालते. फेज डिटेक्शन पद्धतीत लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना होते, तर कॉन्ट्रास्ट डिटेक्शन पद्धतीत सर्वांत ठळक फरक मिळेपर्यंत लेन्स पुढे-मागे सरकवली जाते. दोन्ही पद्धतींना एखादी स्पष्ट रेघ हवी असते. भिंतीची किंवा खोक्याची कड ही अशी रेघ आयतीच पुरवते. सावलीत असलेला, केसांनी किंवा पिसांनी मऊ झालेला चेहरा तिच्यापुढे फिका पडतो. त्यातच फोकसचे क्षेत्र रुंद ठेवलेले असेल, तर बहुतेक कॅमेरे त्या क्षेत्रातल्या जवळच्या वस्तूला प्राधान्य देतात.

डोळे ओळखणाऱ्या प्रणालीवर इथे फार विसंबू नये. सोनीने २०१९ मध्ये प्राण्यांचे डोळे ओळखणारा फोकस आणला आणि त्यानंतर इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही तशी सोय आली. मोकळ्या जागेत ही प्रणाली खरोखरच उत्तम काम करते. डोकावणाऱ्या चेहऱ्याचे नाक आणि तोंड मात्र झाकलेले असते, कधी एकच डोळा दिसतो, आणि मग कॅमेऱ्याला तो चेहरा म्हणून ओळखता येत नाही. अशा वेळी कॅमेरा काही न सांगता नेहमीच्या क्षेत्र-फोकसवर परततो आणि कड पकडतो. डोळ्यावरची लहान चौकट दिसत आहे तोपर्यंतच या प्रणालीवर भरवसा ठेवावा. चौकट लुकलुकू लागली, की ही प्रणाली बंद करून पुढचे उपाय करावेत.

पहिला उपाय म्हणजे सर्वांत लहान एकेरी फोकस बिंदू. तो स्वतः हलवून डोळ्यावर आणावा. इथे एक बारकावा आहे: अनेक कॅमेऱ्यांत फोकसचे प्रत्यक्ष क्षेत्र पडद्यावर दिसणाऱ्या चौकटीपेक्षा थोडे मोठे असते, त्यामुळे चौकट डोळ्यावर असूनही तिच्या बाहेरची कड तिला खेचून घेऊ शकते. म्हणून चौकट डोळ्याच्या मध्यावर न ठेवता कडेपासून दूर असलेल्या बाजूला ठेवावी. मूल भिंतीवरून डोकावत असेल, तर चौकट पापणी आणि भुवईच्या मध्ये ठेवावी. भुवई जवळपास डोळ्याच्याच अंतरावर असते आणि तिच्यावर चांगली रेघही मिळते. लांब तोंडाच्या प्राण्यात चौकट नाकावर जाऊ देऊ नये, कारण नाकाचा शेंडा डोळ्यांपेक्षा कितीतरी पुढे असतो.

मधल्या बिंदूने फोकस करून नंतर फ्रेम वळवण्याची सवय अनेकांना असते. दूरच्या विषयाला ती चालते, जवळच्या विषयाला मारक ठरते. विषय दीड मीटरवर आहे आणि फोकस धरून ठेवून कॅमेरा १५ अंश वळवला, असे समजू. फोकसचे प्रतल कॅमेऱ्याबरोबर वळते आणि ते डोळ्यांच्या सुमारे ५ सेंटिमीटर मागे जाते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरच्या लेन्सने एफ १.८ ला, म्हणजे अपर्चर (लेन्सचे छिद्र) बरेच मोठे उघडे असताना, या अंतरावर एकूण डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, सुमारे ३ सेंटिमीटर असते. म्हणजे फोकस अचूक करूनही डोळा पुसटच येणार. म्हणून बिंदूच हलवावा, कॅमेरा वळवू नये.

दुसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: फोकसचे काम शटरच्या बटनावरून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या बटनावर द्यावे. विषय डोके वर काढतो, पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो, हेच तर या चित्रांचे स्वरूप आहे. तो खाली गेला असताना शटरचे बटन अर्धे दाबलेले असेल आणि फोकस सतत चालू असेल, तर समोर फक्त कड उरते आणि फोकस तिच्यावर जाऊन बसतो; विषय परत वर येतो तेव्हा लेन्सला पुन्हा मागे यावे लागते आणि तेवढ्यात क्षण जातो. मागच्या बटनावर फोकस असेल, तर विषय दिसत असतानाच अंगठा दाबावा आणि तो लपताच अंगठा उचलावा. फोकस डोळ्यांच्या अंतरावर थांबून राहतो. लपणारा विषय बहुधा त्याच जागी परत येतो, त्यामुळे पुढच्या वेळी फक्त शटर दाबणे उरते.

विषय पुढे-मागेही सरकत असेल आणि सतत फोकस ठेवणे भाग असेल, तर मध्ये अडथळा आल्यावर फोकस किती लवकर उडी मारतो हे ठरवणारी सेटिंग पाहावी. निकॉनमध्ये तिला ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स, कॅननमध्ये ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी आणि सोनीमध्ये एएफ ट्रॅक सेन्स म्हणतात. आकड्यांचा अर्थ प्रत्येकाकडे वेगळा आहे आणि इथेच गोंधळ होतो: फोकस मूळ विषयावर टिकवून धरण्यासाठी निकॉनमध्ये ५ कडे जावे लागते, सोनीमध्ये १ कडे, तर कॅननमध्ये उणे बाजूला. एका कंपनीचा कॅमेरा सोडून दुसऱ्या कंपनीचा घेतल्यावर जुना आकडा तसाच ठेवला, तर परिणाम नेमका उलटा होतो. शिवाय ही सेटिंग सुरुवातीला पकडलेल्या वस्तूला चिकटून राहते. सुरुवातच कडेवर झाली असेल, तर ती कडेलाच घट्ट धरून ठेवेल.

आडोसा जाळीदार असेल, म्हणजे गवत, फांद्या, कुंपण किंवा विणलेला पडदा असेल, तर ऑटोफोकसशी झगडत बसू नये. तिथे मॅन्युअल फोकस हाच खरा उपाय आहे. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात चित्र ५ ते १० पट मोठे करून डोळ्यावर फोकस करावा. कडा रंगवून दाखवणारे फोकस पीकिंग दिशा दाखवण्यापुरते ठीक असते. मोठ्या अपर्चरला ते डोळा आणि पापणीचे केस यांतला फरक दाखवू शकत नाही, म्हणून शेवटची खात्री मोठ्या केलेल्या चित्रावरच करावी. लांब पल्ल्याच्या लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारा खटका असेल, तर जवळची अंतरे वगळावीत. लेन्सच्या अगदी पुढ्यातली पाने मग विचारातच घेतली जात नाहीत.

अपर्चरचा निर्णय कड आणि डोळे यांच्यातले अंतर पाहून घ्यावा. कडेवर ठेवलेली बोटे आणि त्यामागचे डोळे दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर वर सांगितलेल्या ८५ मिलिमीटरच्या लेन्सला दीड मीटरवर एफ ५.६ ला एकूण सुमारे १० सेंटिमीटर खोली मिळते, आणि त्यातली जवळपास निम्मी डोळ्यांच्या पुढे असते. बोटे डोळ्यांच्या ५ सेंटिमीटर पुढे असतील तर हे जेमतेम पुरते. त्याहून पुढे असतील तर एफ ८ घ्यावा. याउलट आडोसा पूर्ण विरघळलेला हवा असेल, तर विषयाने त्याच्यापासून मागे असावे, कॅमेरा आडोशाजवळ असावा आणि अपर्चर मोठे असावे. मधली स्थिती सर्वांत वाईट: कड ओळखू येते, पण स्पष्ट नाही, आणि पाहणाऱ्याची नजर तिच्यावर अडखळत राहते. अर्धवट पुसट कडेपेक्षा पूर्ण स्पष्ट कड मला केव्हाही अधिक चांगली वाटते.

चेहरा काळा पडतो किंवा पांढरा होतो

कॅमेऱ्याचे मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेच्या आसपास आणू पाहते. पांढऱ्या भिंतीने फ्रेमचा दोन तृतीयांश भाग व्यापला असेल, तर ते एक्स्पोजर कमी करते, भिंत करडी होते आणि तिच्यामागचा चेहरा काळवंडतो. भिंतीच्या वर उजळ आकाश असेल, तर चेहऱ्याची स्थिती आणखी बिघडते. गडद बुंध्याच्या बाबतीत उलटे होते: बुंधा फिका पडतो आणि खारीच्या पोटाचा पांढरा भाग सपाट पांढरा होऊन त्यातले केस नाहीसे होतात. उजळ आडोशाला एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) वाढवावे आणि गडद आडोशाला तेवढेच कमी करावे, ही सुरुवात म्हणून ठीक आहे. पुढे हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेडाचे वाटप दाखवणारा आलेख, पाहून दुरुस्ती करावी.

तरीही या विषयासाठी स्वयंचलित एक्स्पोजर मला पसंत नाही, आणि त्याला कारण आहे. विषय जसजसा बाहेर येतो, तसतसा फ्रेममधला त्याचा आणि आडोशाचा वाटा बदलतो, आणि त्यानुसार मीटरही आपला निर्णय बदलते. प्रत्यक्षात चेहऱ्यावरचा उजेड तसूभरही बदललेला नसतो, तरी एकाच मालिकेतल्या दहा फ्रेम्स दहा वेगळ्या उजेडाच्या निघतात. म्हणून एकदा चेहऱ्यावर, किंवा चेहरा दिसत नसेल तर तशाच सावलीतल्या एखाद्या मध्यम छटेच्या वस्तूवर, स्पॉट मीटरिंगने, म्हणजे फक्त एका लहान ठिकाणचा उजेड मोजून, माप घ्यावे आणि अपर्चर, शटर व आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) तिन्ही हाताने पक्के करावेत. स्पॉट मीटरिंग वापरताना आपल्या कॅमेऱ्यात ते फोकस बिंदूबरोबर सरकते की कायम मध्यावरच राहते, हे आधी तपासावे. मध्यावर राहत असेल, तर फ्रेमच्या वरच्या भागातल्या डोळ्यांऐवजी ते मधल्या भिंतीचेच माप घेत असते.

उजेडाची दिशाही कडेशी जोडलेली आहे. उजव्या हाताच्या भिंतीआडून कोणी डावीकडे डोकावत असेल आणि ऊन उजवीकडून येत असेल, तर भिंतीची सावली नेमकी चेहऱ्यावर पडते. ऊन मोकळ्या बाजूने, म्हणजे डावीकडून, येत असताना तीच जागा चित्रासाठी उत्तम ठरते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट मारणे हा उपाय नव्हे. आडोसा एक मीटरवर आणि चेहरा दोन मीटरवर असेल, तर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणामुळे आडोशावर चौपट, म्हणजे दोन स्टॉप जास्त, प्रकाश पडतो. आडोसा जळतो आणि चेहरा तरीही अंधारात राहतो. मांजराच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे तिथे हिरवट चमकही येते. फ्लॅश वापरायचाच असेल, तर छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर मारून परतवावा. खाली झुकलेल्या चेहऱ्याच्या डोळ्यांत चमक नसेल, तर आडोशाच्या वरच्या पृष्ठभागावर, फ्रेममध्ये येणार नाही असा, पांढरा कागद पसरावा. एवढ्यानेही डोळ्यांत चमक येते.

सगळे तांत्रिक बरोबर, पण डोकावणे दिसत नाही

यामागचे पहिले कारण म्हणजे चेहऱ्याच्या ओढीने फ्रेम फार आवळली जाते. आडोशाची एक पातळ पट्टी तळाशी उरते आणि पाहणाऱ्याला ती चुकून आत आलेली वस्तू वाटते. आडोशाला फ्रेमचा निम्मा भाग द्यायला कचरू नये; दोन तृतीयांश दिला तरी चालतो. झाकलेला भाग पुरेसा दिसला, तरच उघडा भाग डोकावतो आहे असे वाटते.

दुसरे कारण कड चेहऱ्याला कुठे छेदते हे आहे. हनुवटीखाली किंवा मानेवर छेद आला, तर डोके कापून ठेवल्यासारखे दिसते. बुबुळाच्या मध्यावर छेद आला, तर चित्र पाहताना त्रास होतो. खालच्या पापणीला कड नुसती चिकटली, तरी नजर तिथेच अडकते. खालची पापणी पूर्ण दिसून तिच्याखाली थोडी त्वचा किंवा केस दिसावेत, आणि छेद नाकाच्या मध्यापासून वरच्या ओठापर्यंत कुठेतरी यावा, असे मला अनुभवाने वाटते. बाजूने डोकावणाऱ्या चेहऱ्यात एक डोळा पूर्ण दिसावा आणि दुसरा एक तर पूर्ण दिसावा किंवा अजिबात दिसू नये.

हा छेद हलवण्यासाठी विषयाला काही सांगण्याची गरज पडत नाही, कॅमेऱ्याची उंची बदलली की तो हलतो, आणि किती हलतो हे साध्या भूमितीने कळते. कड कॅमेऱ्यापासून एक मीटरवर आणि चेहरा दीड मीटरवर असेल, तर कॅमेरा १० सेंटिमीटर खाली नेल्यावर चेहऱ्यावरचा छेद ५ सेंटिमीटर वर चढतो. लहान मुलाच्या चेहऱ्यावर ५ सेंटिमीटर म्हणजे ओठांपासून जवळजवळ डोळ्यांपर्यंतची मजल झाली. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाने किंचित मान खाली घातली, तरी चित्र बिघडते ते यामुळे. चेहरा कडेला टेकलेलाच असेल, तर कॅमेऱ्याच्या उंचीने छेद फारसा हलत नाही. उंची कोणतीही ठेवली, तरी ती विषयाच्या डोळ्यांच्या आसपास असावी. उभ्याने खाली पाहून काढलेल्या चित्रात आडोशामागचे अंगही दिसू लागते आणि लपणे उघडे पडते.

तिसरे कारण आधाराचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी जागोजागी रेखाटलेले किलरॉयचे चित्र आठवून पाहावे: एक आडवी रेघ, तिच्यावरून वर आलेले टक्कल, रेघेवरून खाली लोंबणारे लांब नाक आणि दोन्ही बाजूंना रेघ धरून ठेवणारी बोटे. त्या बोटांमुळे आणि नाकामुळे रेघेची भिंत होते. छायाचित्रातही बोटे, पंजे किंवा कोपर कडेवर आले, की डोके तरंगत नाही, त्याच्यामागे एक अंग आहे हे कळते. मूल असेल तर हात वर ठेवायला सांगता येते; मांजर पंजे ठेवेपर्यंत थांबावे लागते, आणि ते थांबणे वाया जात नाही.

क्षण निसटतो

दिसलेल्या गोष्टीवर बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. खारीला परत बुंध्यामागे जायला याहून फार जास्त वेळ लागत नाही. म्हणून डोके दिसल्यावर सुरुवात करण्यात अर्थ नाही. फोकस आधीच त्या अंतरावर आणून ठेवलेला असावा, एक्स्पोजर पक्के असावे, आणि कानांची टोके किंवा केस दिसताच बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ एक फ्रेम्स घेणे, सुरू व्हावा. शटर अर्धे दाबून ठेवले असताना फ्रेम्स साठवत राहणारी आणि पूर्ण दाबल्यावर आधीच्या फ्रेम्सही जतन करणारी सोय ज्या कॅमेऱ्यात आहे, त्यात ती अवश्य वापरावी. ऑलिंपसने २०१६ मध्ये ई-एम१ मार्क २ मध्ये प्रो कॅप्चर या नावाने ती दिली होती आणि आता इतरही अनेक कॅमेऱ्यांत ती मिळते. मूल किंवा मांजर यांच्यासाठी १/५०० सेकंद आणि खार किंवा पक्षी यांच्यासाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर वाढवावा. दाणेदार चित्र सुधारता येते, फरफटलेला डोळा सुधारत नाही.

फोनवर अडचण थोडी वेगळी असते

फोनची लेन्स लहान असल्यामुळे मुळातच खोली पुष्कळ मिळते, त्यामुळे कड आणि डोळे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. बिघाड पोर्ट्रेट मोडमध्ये होतो. तिथे पार्श्वभूमी गणिताने पुसट केली जाते, आणि कडेवरची बोटे विषयाची की आडोशाची हे फोनला ठरवता येत नाही. मग अर्धे बोट पुसट होते, मांजराच्या मिशा मध्येच तुटतात. डोकावणाऱ्या विषयासाठी पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा. डोळ्यांवर बोट दाबून धरल्यावर बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर तिथे पक्के होतात. त्यानंतर बोट वर-खाली सरकवून उजेड नीट करावा. आडोसा फोनच्या फार जवळ असेल, तर काही फोन आपणहून मॅक्रोच्या रुंद लेन्सवर जातात आणि दृश्य अचानक उडी मारल्यासारखे बदलते. स्वयंचलित मॅक्रो बंद करावा किंवा एक पाऊल मागे जावे.

आडोसा काढू नये

फोकस नीट होत नाही म्हणून घरट्यासमोरची पाने तोडणे, फांद्या बांधून बाजूला करणे, ढोलीच्या तोंडाशी काठीने आवाज करणे, हे प्रकार मी पाहिले आहेत आणि ते पाहून फार वाईट वाटते. तो आडोसा म्हणजे पिल्लांचे संरक्षण असते. तो गेला की ती ऊन, पाऊस आणि शिकारी पक्षी यांच्यापुढे उघडी पडतात. पक्षी आपल्याकडे टक लावून पाहत असेल, पुन्हा पुन्हा आत-बाहेर करत असेल किंवा चोचीत खाद्य घेऊन दूरच थांबला असेल, तर आपण फार जवळ आलो आहोत. तिथून मागे सरकावे आणि लांब लेन्सने जे मिळेल ते घ्यावे. मुलांच्या बाबतीत गच्चीचा कठडा, खिडकीची चौकट किंवा जिन्याचे कठडे यांवरून डोकवायला कधीही सांगू नये. खोके, खुर्चीची पाठ, जमिनीवर ठेवलेली उशी यांच्याआडून मिळणारा चेहरा तितकाच सुंदर असतो.

इतके करूनही डोळा पुसट येत असेल तर

आता लेन्सवर संशय घ्यायला हरकत नाही, पण एक चाचणी करून. टेबलावर खोके ठेवावे आणि त्याच्यामागे ३० सेंटिमीटर अंतरावर ठळक डोळ्यांचे एखादे खेळणे अशा उंचीवर ठेवावे, की खोक्यावरून त्याचे डोळे आणि कपाळ दिसेल. कॅमेरा तिवईवर लावून सर्वांत मोठ्या अपर्चरला, सर्वांत लहान फोकस बिंदूने, डोळ्यावर दहा फ्रेम्स घ्याव्यात. प्रत्येक फ्रेमआधी फोकस मुद्दाम बिघडवावा. नंतर खोके काढून, बाकी काहीही न हलवता, पुन्हा दहा घ्याव्यात. खोके असताना फ्रेम्स चुकल्या आणि नसताना जमल्या, तर लेन्स ठीक आहे. बिंदू अजूनही कडेला स्पर्श करतो आहे, तो आणखी वर घ्यावा किंवा मॅन्युअल फोकस वापरावा. खोके नसतानाही प्रत्येक फ्रेममध्ये फोकस सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे पडत असेल, तर डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) एएफ मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट या ऑटोफोकसच्या बारीक दुरुस्तीच्या सेटिंगने तो फरक भरून काढता येतो. मिररलेसमध्ये फोकसचे माप सेन्सरवरच घेतले जात असल्यामुळे हा दोष सहसा नसतो. तिथेही असेच आढळले, किंवा दहा फ्रेम्स दहा वेगळ्या ठिकाणी चुकल्या, तर त्या वीस फ्रेम्ससह लेन्स आणि कॅमेरा दोन्ही दुरुस्तीला द्यावेत.